मायक्रॉनचा हिशोब : ठिणगीने कोरलेली छिद्रे आणि डिझेल इंजिनाचे नोझल

रब्बीच्या हंगामात नदीकाठचे डिझेल पंप सुरू झाले, की एखाद्या पंपाच्या सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर दुरूनही नजरेस पडतो. पहाटे जेटीवरून निघणाऱ्या एखाद्या ट्रॉलरच्या बाबतीतही हेच दृश्य दिसते. "इंजिन जुने झाले" असे म्हणून या धुराकडे काणाडोळा करण्याचा प्रघात आहे. वस्तुतः काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले इंधन होय. शेतकऱ्याने अथवा मच्छीमाराने रोख पैसे मोजून घेतलेल्या डिझेलचा काही अंश काजळीच्या रूपाने हवेत जात असतो. त्याची कारणे अनेक असतात. कधी हवेची गाळणी तुंबलेली असते, कधी इंजिनावर त्याच्या शक्तीबाहेरचा भार असतो, तर कधी इंधनपंपाची वेळ चुकलेली असते. परंतु या कारणांत एक कारण असे आहे, की ते नुसत्या डोळ्यांना नीट दिसतही नाही. ते म्हणजे इंजेक्टरच्या नोझलमधील छिद्रे.

ही छिद्रे कशी पाडली जातात, ती आतून गुळगुळीत आणि मापाला अचूक का असावी लागतात, आणि हे दोन्ही गुण एकाच वेळी साधणे अवघड का असते, याचा परिचय शेतकरी, शिक्षक आणि यंत्रसामग्रीच्या खरेदीशी संबंध येणारे अधिकारी या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

छिद्राचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन अतिशय तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडला, की ते आपोआप पेट घेते. या जळणास मिळणारा अवधी सेकंदाच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. एवढ्या अल्प काळात डिझेलची वाफ होऊन ती हवेत मिसळावयाची, तर थेंब अतिसूक्ष्म असले पाहिजेत. एका थेंबाचे, एकदशांश व्यासाचे हजार थेंब केले, तर डिझेल तेवढेच राहते. पण हवेच्या संपर्कात येणारा पृष्ठभाग दहापट होतो. नोझलचे सारे महत्त्व या साध्या हिशोबात सामावलेले आहे.

काही जुन्या इंजिनांत एकच छिद्र असलेले आणि आत टोकदार सुई असलेले नोझल असते. येथील विवेचन अनेक छिद्रांच्या नोझलविषयी आहे. अशा नोझलच्या टोकाशी बहुधा तीन ते आठ छिद्रे असतात. जुन्या पद्धतीच्या पंपसेटमध्ये नोझल उघडण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो, तर 'कॉमन रेल' पद्धतीच्या आधुनिक वाहनांत हाच दाब दीड ते दोन हजार पटींपर्यंत आणि त्याहूनही अधिक नेला जातो. दाब जसजसा वाढत गेला, तसतसे छिद्र लहान होत गेले. आज ०.१ ते ०.२ मिलिमीटर व्यासाची छिद्रे सर्रास वापरली जातात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन असते. म्हणजे एक-दोन केस कसेबसे जातील एवढीच ही वाट असते.

समजा, एखादे छिद्र ०.२० मिलिमीटर व्यासाचे हवे होते आणि ते ०.२१ मिलिमीटरचे झाले. चूक केवळ १० मायक्रॉनची, म्हणजे व्यासात ५ टक्क्यांची आहे. परंतु छिद्रातून जाणारे डिझेल त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून त्या छिद्रातून १० टक्क्यांहून अधिक डिझेल जाईल. एका नोझलच्या चार छिद्रांपैकी एक असे मोठे निघाले, तर सिलिंडरच्या एका बाजूस इंधन जास्त आणि हवा अपुरी अशी स्थिती होऊन तेथे काजळी धरते. केसाच्या जाडीच्या काही अंशाएवढी चूक धुराच्या रूपाने अशी बाहेर पडते.

ठिणगी धातू कशी कोरते?

एवढे बारीक छिद्र ड्रिलने पाडणे अशक्य नाही. तथापि कठीण केलेल्या पोलादात केसासारखे ड्रिल चटकन मोडते आणि छिद्राच्या तोंडाशी धातूची धारदार कोर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'बर', राहते. म्हणून नोझलच्या कामी विद्युत् ठिणगीने धातू कोरण्याची पद्धत रूढ झाली. कारखान्यात ती 'ईडीएम' किंवा 'स्पार्क इरोजन' या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीचे मूळ एका त्रासदायक अनुभवात आहे. ज्यांनी जुन्या स्कूटरचे 'कॉन्टॅक्ट पॉइंट' उघडून पाहिले असतील, त्यांना त्यांवर पडलेले बारीक खड्डे ठाऊक असतील. वारंवार उडणाऱ्या ठिणग्यांनी धातू झिजतो. १७७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी विद्युत् ठिणगीच्या या परिणामाची नोंद केली होती. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, दुसरे महायुद्ध चालू असताना, सोव्हिएत रशियातील बोरिस व नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य विजेच्या टंगस्टन संपर्कबिंदूंची झीज कशी थांबवावी याचा अभ्यास करीत होते. झीज थांबविण्याचा उपाय त्यांना गवसला नाही. परंतु विद्युतरोधी द्रवात ही झीज नियंत्रित करता येते, असे त्यांच्या ध्यानात आले. जो दोष होता त्यालाच त्यांनी हत्यार बनविले. १९४३ मध्ये त्यांनी धारित्राच्या साहाय्याने ठिणग्या पाडून धातू कोरण्याची पद्धत मांडली. सूक्ष्म छिद्रांच्या कामी त्याच तत्त्वाचा विद्युत् मंडल आजही वापरला जातो.

या पद्धतीत टंगस्टन, टंगस्टन कार्बाइड अशा धातूंची बारीक सळई हत्यार म्हणून वापरतात. सळई आणि नोझल यांच्यामध्ये काही मायक्रॉनांचे अंतर राखलेले असते आणि त्या फटीत विद्युतरोधी तेल अथवा आयनमुक्त पाणी भरलेले असते. हत्यार धातूला स्पर्श करीत नाही. धारित्र पुरेसे भारित झाले, की फटीतील द्रवाचा रोध मोडतो व ठिणगी पडते. मायक्रोसेकंदांत मोजाव्या लागणाऱ्या त्या क्षणी ठिणगीच्या जागी हजारो अंश तापमान निर्माण होऊन धातूचा एक कण वितळतो, उकळतो आणि ठिणगी विझताच द्रवात फेकला जातो. मागे उरतो तो एक सूक्ष्म खळगा. अशा हजारो-लाखो खळग्यांनी मिळून छिद्र तयार होते. हत्याराचा जोर धातूवर पडत नसल्यामुळे धातू किती कठीण आहे, याला येथे फारसे महत्त्व उरत नाही.

गुळगुळीतपणाची किंमत

छिद्राची भिंत म्हणजे एकमेकांवर पडलेल्या खळग्यांचा समूह असल्यामुळे, खळगा जेवढा लहान तेवढी भिंत गुळगुळीत, हे उघड आहे. खळग्याचे आकारमान एका ठिणगीत किती ऊर्जा आहे यावर अवलंबून असते. ही ऊर्जा काढण्याचे सूत्र माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही समजण्यासारखे आहे. धारित्राची धारिता गुणिले विद्युत् दाबाचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. १,००० पिकोफॅरडचे धारित्र १०० व्होल्टपर्यंत भारित केले, तर प्रत्येक ठिणगीत ५ मायक्रोज्यूल ऊर्जा येते. धारित्र १०० पिकोफॅरडचे घेतले, तर ती अर्ध्या मायक्रोज्यूलवर येते.

यापुढील हिशोब अधिक बोधप्रद आहे. खळग्याचे घनफळ ठिणगीच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते, असे ढोबळमानाने मानता येईल. खळग्याचा आकार तसाच ठेवून त्याची खोली निम्मी करावयाची, तर लांबी, रुंदी व खोली तिन्ही निम्मी होतात आणि घनफळ एकअष्टमांश होते. म्हणजे भिंतीचा खरबरीतपणा निम्म्यावर आणण्यासाठी ठिणगीची ऊर्जा आठव्या हिश्शावर आणावी लागते आणि तेवढाच धातू काढण्यासाठी आठपट ठिणग्या पाडाव्या लागतात. लहान धारित्र लवकर भारित होत असल्याने ठिणग्यांचा वेग वाढवून काही वेळ भरून काढता येतो; पण सारा नव्हे. गुळगुळीतपणा वेळ देऊन विकत घ्यावा लागतो आणि त्याचा दर चढत जाणारा असतो.

वेळ वाचविण्यासाठी जोमदार ठिणग्या वापरल्या, तर आणखी एक दोष उद्भवतो. वितळलेला सर्वच धातू द्रवात फेकला जात नाही. त्याचा काही भाग खळग्यातच राहून तत्काळ थिजतो. या पुन्हा गोठलेल्या थरास कारागीर 'पांढरा थर' म्हणतात. तो कठीण पण ठिसूळ असतो आणि त्यात सूक्ष्म तडे असू शकतात. नोझलला दर मिनिटास शेकडो वेळा दाबाचे धक्के सोसावे लागतात. अशा ठिकाणी तडा हा पुढील बिघाडाचा आरंभ ठरू शकतो, आणि थराचे कण सुटले तर छिद्राचे मापही बदलते. म्हणून प्रथम काहीशा जोमदार ठिणग्यांनी छिद्र आरपार न्यावे व नंतर मंद ठिणग्यांनी भिंत साफ करावी, असा मधला मार्ग काढला जातो.

अचूकता कोठे निसटते?

पहिली गोष्ट अशी, की छिद्र हे नेहमी हत्याराहून मोठे होते, कारण सळईच्या सभोवती ठिणगीचे अंतर असते. बाजूचे अंतर ५ मायक्रॉन असेल, तर ०.१५ मिलिमीटरच्या छिद्रासाठी ०.१४ मिलिमीटरची सळई घ्यावी लागते. हे अंतर स्थिर राहिले, तर हिशोब सोपा आहे. परंतु ठिणगीची ऊर्जा बदलली की तेही बदलते.

दुसरी गोष्ट हत्याराची झीज. ठिणगी नोझलला कोरते तशी हत्यारालाही कोरते. अतिअल्प काळाच्या ठिणगीत धन बाजूचा धातू अधिक झिजतो, म्हणून सूक्ष्म कामात नोझल धन बाजूस व हत्यार ऋण बाजूस जोडतात. तरीही सळईचे टोक झिजून गोलसर होते आणि त्यामुळे छिद्र पलीकडच्या टोकाशी अरुंद राहते. छिद्र पूर्ण होण्यासाठी सळई थोडी पुढे न्यावी लागते. मात्र नोझलच्या आतील पोकळी फार लहान असल्याने ती अधिक पुढे गेल्यास समोरच्या भिंतीवर ठिणग्या पडून तेथे खळगे होतात.

तिसरी गोष्ट कचऱ्याची आहे. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचे कण द्रवात उतरतात. ते वेळीच वाहून गेले नाहीत, तर कणांच्या आधाराने बाजूच्या भिंतीवर नको तेथे ठिणग्या पडतात. कण बाहेर पडण्याची वाट छिद्राच्या तोंडाकडूनच असल्याने तोंड फैलावते. परिणामी छिद्र बाहेरून रुंद व आत अरुंद असे निमुळते होते. याकरिता सळई फिरती ठेवतात, मधूनमधून ती मागे घेतात आणि द्रव सतत गाळतात.

या ठिकाणी गुळगुळीतपणा आणि अचूकता यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. ठिणगी मंद केली, की भिंत गुळगुळीत होते आणि फटही अरुंद होते. अरुंद फटीमुळे माप हाती राहते. परंतु त्याच फटीतून कचरा बाहेर येणे कठीण होते, ठिणग्यांची लय बिघडते आणि साधलेले माप पुन्हा निसटते. ठिणगी जोमदार केली, तर कचरा सहज निघतो, पण भिंत खडबडीत होते. म्हणून केवळ एक बटण फिरवून दोन्ही गुण साधत नाहीत. ठिणगीची ऊर्जा, द्रवाची स्वच्छता, सळईचा सरळपणा आणि यंत्राची स्थिरता या सर्वांचा मेळ घालावा लागतो.

केसाहून बारीक सळई सरळ कशी करावी, हाच एके काळी मोठा प्रश्न होता. वेगळी तयार केलेली सळई यंत्रात बसविताना किंचित वाकडी बसली, तरी छिद्राचे माप बिघडते. १९८५ मध्ये जपानमधील टोकियो विद्यापीठाचे संशोधक मासुझावा आणि त्यांचे सहकारी यांनी धावत्या तारेच्या ठिणगीने यंत्रावरच सळई घासून बारीक करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तार सतत पुढे सरकत असल्याने तिच्या झिजेचा परिणाम मापावर होत नाही आणि सळई यंत्रातून काढून पुन्हा बसविण्याचा प्रसंगच येत नाही. सूक्ष्म छिद्रांच्या तंत्राला या युक्तीने मोठी गती मिळाली.

अखेरचा हात

आधुनिक नोझलमध्ये आणखी एक अपेक्षा असते. डिझेल आत शिरते ते तोंड किंचित रुंद आणि बाहेर पडते ते तोंड किंचित अरुंद असावे. तसे असल्यास प्रवाह भिंतीला धरून वाहतो. आतील कडा धारदार असेल, तर वळणावर दाब एकदम उतरून डिझेलमध्ये वाफेचे बुडबुडे उठतात आणि प्रवाह विस्कळीत होतो. गंमत अशी, की बाहेरून कोरताना ठिणगी स्वभावतः याच्या नेमका उलट आकार देते. म्हणून सळईला किंचित कल देऊन ती शंकूच्या आकारात फिरवितात व आतील बाजू हेतुपुरस्सर रुंद करतात.

यानंतर अपघर्षक कण मिसळलेला द्रव दाबाने छिद्रांतून वाहविला जातो. तो आतील कडा गोलसर करतो आणि भिंतीवरील खळग्यांचे उंचवटे झिजवतो. या कामासाठी छिद्र मुळात थोडे लहानच ठेवलेले असते. ठरलेल्या दाबाला ठरलेला प्रवाह मिळू लागला, की ही क्रिया थांबवितात.

मोजल्याविना खात्री नाही

छिद्रात घालून पाहावयाची पिन त्यातील सर्वांत अरुंद जागाच सांगते. सूक्ष्मदर्शक केवळ तोंड दाखवितो. सिलिकॉनचा ठसा काढला, तर आतील आकार कळतो. नोझल कापून पाहिल्यास भिंतीचा खरबरीतपणा व पांढरा थर दिसतो; पण ते नोझल वाया जाते. प्रवाहाची चाचणी एकूण परिणाम सांगते. तथापि दोन नोझलांचा प्रवाह सारखा असूनही छिद्रांचे आकार भिन्न असू शकतात आणि फवारेही भिन्न पडू शकतात. म्हणून कोणतीही एक चाचणी पुरेशी मानता येत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांसाठी भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यानंतर तर या मोजमापास विशेष महत्त्व आले आहे.

काय ध्यानात ठेवावे?

शेतकरी व मच्छीमार बांधवांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. चोंदलेले नोझल लोखंडी तार, टाचणी अथवा ब्लेडचे टोक घालून साफ करू नये. ज्या भिंतीसाठी कारखान्यात एकेक मायक्रॉन सांभाळला जातो, ती तारेच्या एका ओरखड्याने कायमची बिघडते. नोझलची तपासणी माहितगार कारागिराकडून परीक्षण यंत्रावर करून घ्यावी. त्या वेळी फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी आतील इजा गंभीर असते आणि अशा प्रसंगी विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे. डिझेल गाळून व पाणी टाळून वापरावे आणि गाळणी वेळेवर बदलावी. छिद्र जेवढे बारीक, तेवढा धुळीचा एक कणही त्याला भारी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी ठिणगीच्या ऊर्जेचा आणि छिद्राच्या क्षेत्रफळाचा हिशोब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. बेळगावसारख्या ओतकाम व यंत्रकामाच्या केंद्रांत हे ज्ञान रोजगाराशी थेट जोडलेले आहे. यंत्रावर काम करताना ठिणगीच्या जागेवर तेलाची पुरेशी पातळी आहे याची खात्री करावी, कारण पातळी उतरल्यास तेल पेट घेऊ शकते. धूर बाहेर जाण्याची सोयही असावी.

सरकारी पंप, बोटी व वाहने यांसाठी सुटे भाग खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी निविदेत केवळ "छिद्राचा व्यास" एवढेच लिहून थांबू नये. दोन्ही तोंडांचे माप, चुकीची कमाल मर्यादा, ठरलेल्या दाबाखालील प्रवाह आणि फवाऱ्याचा आकार यांची चाचणी मागावी. किमतीत स्वस्त पडलेले नोझल डिझेलच्या बिलात महाग पडते, हा हिशोब खरेदीच्या वेळीच मांडणे हितावह होय.

ठिणगी एका क्षणात विझते. पण तिने मागे ठेवलेला खळगा इंजिनाच्या आयुष्यभर कामास येतो अथवा आड येतो. तो खळगा किती लहान ठेवावयाचा, हे कारखान्यात वेळ देणारा कारागीर ठरवितो. तो तसाच राखावयाचा की तारेने ओरबाडावयाचा, हे मात्र पंप चालविणाऱ्याच्या हाती असते.